उद्यापर्यंत घड्याळ द्याल का?

१८४९ च्या उन्हाळ्यात न्यूयॉर्कच्या रस्त्यांवर एक नीटनेटका, चांगल्या घरातला वाटावा असा माणूस फिरत असे. समोरून येणाऱ्या एखाद्या अनोळखी गृहस्थाला तो थांबवायचा, जुनी ओळख असल्यासारखा बोलायला लागायचा आणि चार इकडच्या तिकडच्या गोष्टी झाल्या की विचारायचा, "तुमचं घड्याळ उद्यापर्यंत माझ्याकडे ठेवाल, इतका विश्वास आहे का तुमचा माझ्यावर?" गृहस्थ गोंधळायचा. हा कोण, कुठे भेटलो, काही केल्या आठवायचं नाही. पण इतक्या आपुलकीने बोलणाऱ्याला 'मी तुम्हाला ओळखलं नाही' असं तोंडावर कसं सांगायचं? मग तो घड्याळ काढून त्याच्या हातात द्यायचा. तो उद्या काही उजाडायचा नाही.

१२ मे रोजी विल्यम स्ट्रीटवर एका गृहस्थाने असंच आपलं सोन्याचं घड्याळ दिलं. किंमत ११० डॉलर. मजुराला दिवसाकाठी जेमतेम डॉलरभर मिळायचा तो काळ, म्हणजे चार महिन्यांहून जास्त मजुरी एका प्रश्नात गेली. जुलैमध्ये त्याच गृहस्थाला लिबर्टी स्ट्रीटवर तोच माणूस पुन्हा दिसला. या वेळी त्याने पोलिसाला हाक मारली. झटापट झाली, हात बांधून त्याला नेण्यात आलं. तिथे तो जुना गुन्हेगार म्हणून ओळखला गेला. नाव विल्यम थॉम्पसन, निदान तेव्हा वापरातलं नाव ते. सिंग सिंगच्या तुरुंगाची वारी आधीच करून आलेला. ८ जुलैच्या 'न्यूयॉर्क हेराल्ड'ने बातमीत त्याला 'द कॉन्फिडन्स मॅन' म्हटलं, आणि इंग्रजीला फसवणाऱ्या माणसासाठी एक नवा शब्द मिळाला. आज आपण 'कॉन मॅन' म्हणतो, 'कॉन आर्टिस्ट' म्हणतो, 'त्याने मला कॉन केलं' असंही सर्रास म्हणतो, त्या सगळ्याचं मूळ या घड्याळांपाशी आहे.

या शब्दाने मला गेली दोन-तीन वर्षं सोडलेलं नाही. कारण असं, की फसवणुकीसाठी इंग्रजीत शब्दांची काही कमी नव्हती. 'चीट' होता. तो 'एस्चीट' या कायद्याच्या शब्दातून आला. बेवारस मालमत्ता राजाकडे जमा करणारे अधिकारी असत, आणि लोकांच्या अनुभवाने त्या अधिकाऱ्यांच्या पदनामातूनच लबाडीचा शब्द घडवला. 'स्विंडलर' जर्मनमधून आला, तिथे मूळ क्रियापदाचा अर्थ भोवळ येणं. 'डिसीव्ह' लॅटिनमधला, त्याच्या मुळाशी पकडणं, जाळ्यात घेणं आहे. १८०३ च्या एका प्रहसनात जेरेमी डिडलर नावाचं पात्र होतं, सारखे उसने पैसे मागणारं आणि कधीच परत न करणारं. त्याच्यामुळे 'डिडल' रूढ झाला, आणि १८४३ मध्ये एडगर अॅलन पोने त्यावर अख्खा लेख लिहिला. हे सगळे शब्द फसवणाऱ्याकडे बघतात. त्याची हाव, त्याचं जाळं, त्याने आणलेली भोवळ. 'कॉन्फिडन्स मॅन' हा एकच शब्द असा, की तो समोरच्याने काय दिलं ते सांगतो. घड्याळ नंतर गेलं. आधी विश्वास दिला गेला होता.

आणि पुढे शब्द आखूडला तेव्हा काय झालं बघा. 'कॉन्फिडन्स' हा लॅटिन 'कॉन' आणि 'फिडेरे' मिळून झालेला. 'फिडेरे' म्हणजे विश्वास ठेवणं, 'कॉन' हा नुसता जोर देणारा उपसर्ग. एकोणिसावं शतक संपता संपता बोलण्यात 'कॉन' तेवढा उरला. विश्वासाचा भाग गळून पडला आणि रिकामा उपसर्ग तेवढा फसवणुकीचा अर्थ वाहत राहिला. भाषेने हे मुद्दाम केलं नाही, हे मला कळतं. तरी हा शब्द उच्चारताना मला दर वेळी त्यातला गेलेला भाग जाणवतो.

मराठीत 'कॉन्फिडन्स' आला तो वेगळ्याच वाटेने. 'तिला कॉन्फिडन्स नाही', 'कॉन्फिडन्सने बोल'. आपल्याकडे तो स्वतःवरच्या भरवशापुरता राहिला, दुसऱ्यावर ठेवायच्या भरवशाचा अर्थ आपण घेतलाच नाही. त्यासाठी आपला 'विश्वास' होता. संस्कृतात त्याचं मूळ 'श्वस्' धातूत आहे, श्वास घेणं. ज्याच्यापाशी मोकळा श्वास घेता येतो, भीती वाटत नाही, तो विश्वास. मला हा अर्थ लॅटिनपेक्षा जवळचा वाटतो, कारण त्यात शरीर आहे.

पण या सुंदर शब्दाशी आपण कसे वागलो? 'न विश्वसेदविश्वस्ते विश्वस्ते नातिविश्वसेत्' असं महाभारत सांगतं. ज्याच्यावर भरवसा नाही त्याच्यावर विश्वास ठेवू नये, आणि ज्याच्यावर आहे त्याच्यावरही फार ठेवू नये. पंचतंत्रातही हाच सूर आहे. आणि मराठी घरात कुणी 'माझ्यावर विश्वास नाही का?' म्हणालं, की हमखास उत्तर येतं, 'विश्वास पानिपतात गेला!' नानासाहेब पेशव्यांचे थोरले चिरंजीव विश्वासराव १४ जानेवारी १७६१ ला पानिपतावर पडले, त्यांच्या नावावरचा हा श्लेष. एका तरुण मुलाचं मरण आपण अडीचशे वर्षं अविश्वासाची म्हण म्हणून वापरतो आहोत.

त्याच पानिपतानंतर पुण्याला विश्वासाचं दुसरं टोक दिसलं. सदाशिवरावभाऊ परतले नाहीत, पण त्यांच्या पत्नी पार्वतीबाईंनी वैधव्य स्वीकारलं नाही. भाऊ जिवंत आहेत, येतील, असं मानणाऱ्या त्या एकट्या नव्हत्या. म्हणून तर 'मीच भाऊ' म्हणत उभा राहिलेला तोतया चालला. त्याला रत्नागिरीला कैदेत टाकलं तरी प्रकरण मिटलं नाही. १७७६ मध्ये तो सुटला, त्याच्यामागे फौज जमली, कोकणातले किल्ले त्याच्या हाती गेले, आणि त्याच वर्षी पकडून पुण्यात त्याला देहदंड दिला गेला. त्याच्यामागे गेलेल्या सगळ्यांना मूर्ख म्हणायला माझी जीभ वळत नाही. घरचं माणूस परत यावं असं ज्यांना मनापासून वाटत होतं, त्यांच्या त्या वाटण्यावर तो जगला.

न्यूयॉर्ककडे पुन्हा वळते. थॉम्पसनची युक्ती त्या काळात, त्या शहरात का चालली? १८४० मध्ये न्यूयॉर्कची वस्ती सव्वातीन लाखांच्या आत होती, १८५० मध्ये ती पाच लाखांवर गेली. आयर्लंडमधल्या दुष्काळातून माणसांनी भरलेली जहाजं येत होती, जर्मनीतून येत होती, आसपासच्या खेड्यांतून तरुण नोकरीला येत होते. गावात प्रत्येकाला प्रत्येकाची सात पिढ्यांची माहिती. इथे रोज नवे चेहरे, आणि ओळखीची खूण म्हणजे फक्त कपडे आणि बोलणं. थॉम्पसनकडे दोन्ही होतं. शिवाय त्याने शिष्टाचार नेमका हेरला होता. एखाद्याला विसरलो हे कबूल करणं हा त्याचा अपमान, आणि भला माणूस अपमान टाळतो. आपल्याकडे लग्नाच्या हॉलमध्ये कुणी पाठीवर थाप मारून 'काय काका, ओळखलं नाही का?' म्हटलं, की आपणही 'अरे, ओळखलं की!' म्हणतो आणि पुढची दहा मिनिटं धागा शोधत बसतो. त्या दहा मिनिटांत कुणी घड्याळ मागितलं तर आपण काय करू, हा प्रश्न मी प्रामाणिकपणे स्वतःला विचारते.

अटकेनंतर वृत्तपत्रांना भरतं आलं. त्याच महिन्यात त्याच्यावर एक प्रहसन रंगमंचावर आलंसुद्धा. हेराल्डने अग्रलेख लिहिला, त्याचा रोख फार धारदार होता: या माणसाने आपली बुद्धी ब्रॉडवेवर छोट्या प्रमाणात चालवली म्हणून तो 'टूम्ब्स' या न्यूयॉर्कच्या तुरुंगाच्या कोठडीत, आणि तीच बुद्धी वॉल स्ट्रीटवर चालवणारे महालात. कंपन्या काढून लोकांकडून विश्वासाने पैसे घेणारे आणि बुडवणारे हेच खरे मोठे कॉन्फिडन्स मॅन, असं त्यात सरळ म्हटलं होतं. आज कुठल्याही पतसंस्थेच्या बंद दारासमोर उभ्या असलेल्या ठेवीदारांना ते वाचून दाखवलं तर एक शब्द बदलावा लागणार नाही.

पण मला हलवून गेलं ते दुसऱ्या एका पत्राने लिहिलेलं. 'मर्चंट्स लेजर'मधला तो मजकूर ऑगस्टमध्ये 'लिटररी वर्ल्ड'ने पुन्हा छापला. त्याचा आशय असा: इतकी शतकं उलटल्यावरही माणसं अशी फसवली जाऊ शकतात, हे मानवी स्वभावाच्या बाजूने बोलणारं आहे. जो माणूस सदा सावध, ज्याला कुठल्याही कहाणीने पाझर फुटत नाही, तो स्वतःच निगरगट्ट दुर्जन होण्याच्या वाटेवर पुष्कळ पुढे गेलेला आहे. व्यापाऱ्यांच्या पत्राने हे लिहावं! हिशेब, तारण, जामीन यांत ज्यांचा दिवस जातो त्या लोकांनी. त्यांना ठाऊक असणार की उधारीवर माल दिल्याशिवाय बाजार एक दिवस चालत नाही. हर्मन मेलव्हिलने १ एप्रिल १८५७ ला या विषयावर कादंबरी प्रसिद्ध केली तेव्हा मिसिसिपीवरच्या आगबोटीचं नाव ठेवलं 'फिडेल', म्हणजे विश्वासू. त्याच 'फिडेरे'च्या कुळातला शब्द. आणि कथेचा दिवसही १ एप्रिलच.

हे सगळं मी वाचू लागले त्याला कारण माझी मावशी.

मावशी शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली. वक्तशीर, करारी, वाण्याचा हिशेब आजही वहीत लिहिणारी. एका सकाळी तिला फोन आला की तिच्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले आहेत. मग व्हिडिओ कॉल. पलीकडे गणवेशातला माणूस, मागे पोलीस ठाण्यासारखी भिंत, टेबलावर फायली. 'मॅडम, तुम्ही शिक्षिका आहात, तुम्ही असं केलं नसणार हे आम्हाला कळतं, पण चौकशी होईपर्यंत कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही आणि कुणाला सांगायचं नाही.' तिने कुकर बंद केला तो त्यांना विचारून. शेजारच्या काकूंनी बेल वाजवली तर आतूनच सांगितलं, नंतर या. संध्याकाळपर्यंत तिची मुदत ठेव मोडून पैसे 'पडताळणीसाठी' कुठल्याशा खात्यात गेले होते, आणि उद्या परत मिळतील असं तिला सांगण्यात आलं होतं.

उद्या. १८४९ चा थॉम्पसनही उद्याच म्हणाला होता.

याला हे ठग 'डिजिटल अरेस्ट' म्हणतात; असा काही प्रकार आपल्या कायद्यात नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये पंतप्रधानांनी 'मन की बात'मध्ये हे सांगितलं, त्यानंतर काही महिने फोन लावला की सरकारी ध्वनिफीत सांगायची, वर्तमानपत्रं सांगतात. मावशीने ते वाचलंही होतं. तरी त्या दिवशी तिला ते आठवलं नाही, कारण कायद्याला मान द्यायचा असतो हे तिने मुलांच्या चाळीस तुकड्यांना शिकवलं होतं. तिचा भित्रेपणा किंवा हाव त्यांनी वापरली नाही. तिच्या हाडीमांसी मुरलेला सचोटीचा धाक वापरला.

मग घरातले बोलले. 'तू मास्तरीण असून?' हे मामा म्हणाला. 'एवढी शिकली-सवरलेली माणसं फसतात तरी कशी!' हे तर जो येईल तो म्हणाला. मावशी भजनी मंडळात जायची बंद झाली. पैशाबद्दल ती एकदाही रडली नाही. 'मला आता कुणी अक्कल असलेलं माणूस समजणार नाही,' एवढंच म्हणाली.

इथे मराठीचं व्याकरण मला टोचतं. 'त्यांनी तिला फसवलं' असं आपण क्वचित म्हणतो. 'ती फसली' म्हणतो. चिखलात पाय फसावा तशी ती आपल्या आपणच फसली. करणारा वाक्यातून गायब. चोरी झाली की 'चोराने नेलं' म्हणतो, पण फसवणुकीत कर्ता बळी पडलेलाच. सगळी भाषा त्याच बाजूला झुकलेली आहे: गंडला, मामा झाला, टोपी बसली, तोंडाला पानं पुसली गेली. यातल्या कुठल्याही शब्दाला हसू जोडलेलं आहे. एकच वाक्प्रचार मला न्यायाचा वाटतो, 'केसाने गळा कापला'. त्यात कापणारा दिसतो.

आणि आपला 'भामटा'? फसवणाऱ्यासाठी किती सहज वापरतो आपण तो, बातम्यांच्या मथळ्यांतही. भामटा हे एका जमातीचं नाव आहे. महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीत भामटा आहे, राजपूत भामटा आहे, छप्परबंद आहे. १८७१ च्या आणि त्यानंतरच्या गुन्हेगार जमाती कायद्यांनी इंग्रज सरकारने माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवलं, हजेऱ्या लावल्या, सोलापूरसारख्या ठिकाणी तारांच्या कुंपणाआड वसाहतींत ठेवलं. १९५२ मध्ये तो कायदा गेला. शब्द राहिला. न्यूयॉर्कच्या वार्ताहराने एका लबाडाला नाव देताना लोकांनी दिलेला विश्वास नावात घेतला, आणि आपल्याकडे लबाडाचं नाव आणि गरीब माणसांच्या अख्ख्या जातीचं नाव एकच राहिलं. मी हा शब्द वापरणं सोडलं आहे, आणि वर्तमानपत्रांनी तो उद्यापासून सोडावा असं माझं स्पष्ट मत आहे.

लाजेचा विषय निघाला म्हणून डेव्हिड मॉररबद्दल सांगायलाच हवं. केंटकीतल्या लुईव्हिलमध्ये शिकवणारा हा भाषाशास्त्रज्ञ. तो ठगांची बोली गोळा करत होता, त्यांच्या शब्दांतून त्यांचा धंदा त्याला उलगडला, आणि १९४० मध्ये त्याने त्यावर पुस्तक लिहिलं. ज्याला गाठायचं तो 'मार्क'. त्याला गोड बोलून आणणारा 'रोपर'. नकली जुगारअड्डा किंवा दलालाची नकली पेढी म्हणजे 'बिग स्टोअर', तिथे बसलेला प्रत्येक गिऱ्हाईक, कारकून, सगळे पगारी नट. आधी मार्कला थोडे पैसे जिंकू द्यायचे, त्याला 'कन्व्हिन्सर' म्हणत. मग त्याला घरी पाठवून सगळी पुंजी आणवायची, ती 'सेंड'. आज टेलिग्रामवर 'घरबसल्या लाइक करा' म्हणून आधी दीडशे-दोनशे रुपये खरोखर खात्यात टाकतात, तो कन्व्हिन्सरच. मावशीसमोरची भिंत आणि फायली म्हणजे बिग स्टोअर. 'मुदत ठेव मोडून या' म्हणजे सेंड. शंभर वर्षांत पायऱ्या त्याच आहेत, जागा फक्त पडद्यावर आली.

आणि शेवटची पायरी. पैसे गेल्यावर टोळीतला एक जण मार्कजवळ थांबायचा. त्याला धीर द्यायचा, झालं ते झालं म्हणायचा, पोलिसांकडे गेलास तर तुझीच शोभा होईल असं हळूहळू गळी उतरवायचा. याला मार्कला थंड करणं म्हणत. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमनने १९५२ मध्ये यावर एक निबंध लिहिला आहे. टोळीला त्यासाठी एक माणूस राबवावा लागायचा, कारण तक्रार झाली तर धंदा धोक्यात.

आता तो माणूस ठेवावा लागत नाही. ते काम मामा करतो. शेजारी करतात. 'एवढी शिकलेली माणसं' म्हणणारे आपण सगळे करतो, आणि फुकट करतो. मावशीने तक्रार पाच दिवसांनी केली, तीही मी तिला घेऊन गेले म्हणून. १९३० या सायबर हेल्पलाइनवर लगेच फोन केला तर पैसे पुढच्या खात्यांत सरकण्याआधी गोठवता येण्याची शक्यता असते. पहिले काही तास मोलाचे असतात. ते तास लाजेत गेले. पैसे चोरांनी नेले, पण ते तास तिच्याकडून आम्ही नेले, असं मी घरात सर्वांसमोर म्हणाले. मामाला राग आला. अजूनही थोडा आहे.

मावशीला मी 'मर्चंट्स लेजर'मधला तो मजकूर मराठीत करून वाचून दाखवला. तिने तो मन लावून ऐकला आणि मुख्याध्यापिकेच्या आवाजात म्हणाली, "हे ठीक आहे, पण ओळखपत्राचा क्रमांक विचारायला हवा होता." मला फार बरं वाटलं. गेल्या दिवाळीनंतर ज्येष्ठ नागरिक संघात सायबर फसवणुकीवर व्याख्यान होतं. वक्त्याचं संपल्यावर मावशी उठली आणि आपली हकीकत पहिल्यापासून सांगितली, कुकरसकट. कुणी हसलं नाही. एक निवृत्त अधिकारी म्हणाले, माझंही असंच झालं, मुलांना अजून सांगितलेलं नाही. मग मागच्या रांगेतून आणखी एक हात वर आला. मावशीने त्या दोघांना थांबवून ठेवलं, बँकेचा मेसेज, तारीख, व्यवहाराचा क्रमांक हे सगळं क्रमाने कागदावर लिहून घेतलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहा वाजता सायबर ठाण्याच्या दाराशी भेटायचं ठरवूनच घरी आली.